अतिवास्तववादी चित्रांखाली उत्तरे छापू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वप्नांतल्यासारख्या प्रतिमा मांडणाऱ्या अतिवास्तववाद (सररिअलिझम) या कलाचळवळीच्या पहिल्या जाहीरनाम्याला २०२४ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात या चळवळीचे मोठे प्रदर्शन भरले, आणि नोव्हेंबरमध्ये बेल्जियन चित्रकार रेने माग्रित याच्या ‘प्रकाशाचे साम्राज्य’ या मालिकेतले १९५४ चे एक चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात १२ कोटी १० लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. या निमित्ताने वितळलेली घड्याळे, गोल टोपीतली माणसे आणि सफरचंदाआड गेलेला चेहरा वाचकांसमोर पुन्हा पुन्हा आला, याचा मला मनापासून आनंद झाला. खंत आहे ती आपल्या पुरवणीत चित्राशेजारी छापल्या जाणाऱ्या मजकुराची. ‘चित्रात दडलेला अर्थ’ अशा मथळ्याची एक चौकट तिथे असते आणि तिच्यात मुंगी म्हणजे ऱ्हास, घड्याळ म्हणजे काळ, अंडे म्हणजे जन्म, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य अशा जोड्या लावून दिलेल्या असतात. ती चौकट वाचली की चित्र पाहण्याचे कारणच उरत नाही. शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि या चौकटीचा परिणाम मी वर्गात प्रत्यक्ष पाहिला आहे, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

एकदा नववीच्या वर्गात मी स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीच्या ‘स्मृतीचे सातत्य’ या १९३१ सालच्या चित्राची छापील प्रत फळ्यावर लावली. सुरळी पुरती उलगडण्याआधीच चार-पाच हात वर झाले. एकाने सांगितले की काळ वितळतो आहे, दुसऱ्याने सांगितले की यात सापेक्षतेचा सिद्धांत आहे. ही उत्तरे त्यांनी कुठेतरी वाचली होती आणि ती बरोबर आहेत याबद्दल त्यांना शंका नव्हती. मी विचारले की चित्रात घड्याळे किती आहेत, तर कोणी तीन म्हणाले, कोणी पाच. घड्याळे चार आहेत. तीन मऊ पडलेली आहेत: एक ओट्यासारख्या ठोकळ्याच्या कडेवरून ओघळते आहे, एक वाळलेल्या झाडाच्या फांदीवर वाळत घातल्यासारखे आहे, आणि एक जमिनीवर निपचित पडलेल्या, मिटल्या पापण्यांच्या विचित्र चेहऱ्यावर खोगिरासारखे टाकलेले आहे. चौथे मात्र टणक आहे. ते नारिंगी रंगाचे, मिटलेले आहे, आणि मुंग्या लागल्या आहेत त्या नेमक्या या शाबूत घड्याळाला. जे वितळले त्याला मुंग्या लागल्या नाहीत. हे लक्षात आल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती मला अजून आठवते, कारण त्या क्षणापासून मुलांनी चित्राकडे पाहायला सुरुवात केली. एक मुलगी म्हणाली की चित्राचा पुढचा भाग सावलीत आहे आणि मागच्या कड्यांवर मात्र ऊन आहे, मग ही पहाट आहे की संध्याकाळ? दुसऱ्याने विचारले की तो चेहरा झोपला आहे की मेला आहे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे नव्हती आणि आजही नाहीत.

हे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे आणि त्याचा आकार अवघा २४.१ गुणिले ३३ सेंटिमीटर आहे, म्हणजे मोठ्या वहीच्या पानापेक्षा किंचित मोठा. त्यातले कडे दालीच्या परिचयाच्या कॅटलोनियाच्या किनाऱ्यावरचे आहेत. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्याने या चित्राची हकिगत सांगितली आहे. रात्रीच्या जेवणानंतर तो एकटाच टेबलाशी बसून मऊ झालेल्या कामाँबेर चीजच्या मऊपणाचा विचार करत होता. झोपण्यापूर्वी तो चित्रशाळेत गेला, तिथे त्या किनाऱ्याचे एक अपुरे निसर्गचित्र होते, आणि त्या निर्मनुष्य देखाव्यात काय यावे हे त्याला एकाएकी दिसले. ही हकिगत मान्य केली तरी ती चित्राचा अर्थ ठरत नाही. घड्याळाला मऊपणा कुठून आला एवढेच ती सांगते. मुंग्या टणक घड्याळालाच का लागल्या, हा प्रश्न होता तिथेच राहतो.

आपल्या भाषेत दोन जुने शब्द आहेत आणि या चित्रांविषयी बोलताना त्यांच्यातला फरक मला फार उपयोगी पडला. एक कूट आणि दुसरा श्लेष. कूटाला उत्तर असते. ते कितीही अवघड असले तरी रचणाऱ्याने ते उत्तर मनात धरूनच शब्द झाकलेले असतात, आणि ते सापडले की कूटाचे काम संपते. श्लेषाचे तसे नाही. ‘हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस’ हे व्याकरणाच्या पुस्तकातले वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. तिथे जीवन म्हणजे पाणी आणि जीवन म्हणजे आयुष्य हे दोन्ही अर्थ एकाच वेळी उभे असतात, आणि यांतला खरा कोणता असे जो विचारील त्याच्या हातून वाक्याचा आनंदच निसटेल. अतिवास्तववादी चित्र श्लेषाच्या बाजूचे आहे, आणि आपल्या पुरवणीतली चौकट त्याला कूट समजून सोडवते. माझ्या तक्रारीचे मूळ एवढेच आहे. श्लेषाशीही हे साम्य पुरते जुळत नाही, कारण श्लेषातले दोन अर्थ मोजून दाखवता येतात, तर या चित्रांत पुष्कळदा दुसरा अर्थ दारापर्यंत येतो आणि आत येत नाही.

ही वृत्ती या चित्रकारांकडे कुठून आली हे थोडक्यात सांगितले पाहिजे. अतिवास्तववादी या अर्थाचा ‘सररिअलिस्ट’ हा शब्द कवी गियोम अपोलिनेर याने १९१७ साली वापरात आणला. चालण्याची नक्कल करायची म्हणून माणसाने चाक निर्माण केले आणि चाक काही पायासारखे दिसत नाही, असा दाखला त्याने दिला होता. पुढे १९२४ साली पॅरिसमध्ये जाहीरनामा लिहिणारा आंद्रे ब्रेताँ हा मूळचा वैद्यकाचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, तो मनोविकारांच्या लष्करी रुग्णालयात काम करत होता आणि मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्या विचारांशी त्याचा परिचय तिथल्या काळातला. फ्रॉइडच्या स्वप्नविषयक ग्रंथातली जी गोष्ट या मंडळींना सर्वांत उपयोगी पडली ती अशी की स्वप्नात एकाच प्रतिमेत अनेक गोष्टी दाटून बसतात. याचा अनुभव प्रत्येकाला आहे. स्वप्नातला माणूस आपला मामा असतो, चेहरा मात्र एखाद्या जुन्या शिक्षकाचा असतो, घर आपले असते आणि त्याच्या खिडकीखाली समुद्र असतो, आणि या कशाचेही आपल्याला नवल वाटत नाही. नवल वाटते ते जागे झाल्यावर.

नवल न वाटण्याची ही अवस्था चित्रात आणायची तर ते कसे रंगवावे, हा खरा चित्रकाराचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मला आजही थक्क करते. स्वप्नासारखे चित्र म्हटले की धुके, अंधुक कडा आणि विरघळणारे रंग आपल्या डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात दाली, माग्रित आणि चित्रकर्ती डोरोथिया टॅनिंग यांनी नेमका उलटा रस्ता धरला. त्यांच्या कडा धारदार आहेत, सावल्या लांब आणि स्पष्ट आहेत, लाकडाचा रेषान् रेषा दिसणारा पोत आहे, यथादर्शन (जवळचे मोठे, लांबचे लहान दाखवण्याची रीत) बहुधा नीट पाळलेले आहे. स्वप्न पाहत असताना ते धूसर नसते, त्यातले दार लख्ख दार असते, आणि म्हणूनच ते लख्ख रंगवायचे. या रस्त्यावर त्यांच्या आधी इटालियन चित्रकार जॉर्जिओ दे किरिको चालला होता. त्याच्या १९१४ सालच्या ‘प्रेमगीत’ या चित्रात एका भिंतीवर ग्रीक देवाचे प्लास्टरचे मस्तक आणि रबरी हातमोजा शेजारी-शेजारी टांगलेले आहेत आणि पुढे एक हिरवा चेंडू आहे. या चित्राची नुसती छापील प्रत पाहून तरुण माग्रितच्या डोळ्यांत पाणी आले होते, असे त्याने स्वतः सांगितले आहे. जोअन मिरो आणि माक्स अर्न्स्ट यांची तऱ्हा वेगळी. अर्न्स्टने १९२५ साली समुद्रकाठच्या एका सरायीत लाकडी जमिनीवर कागद ठेवून वरून शिसपेन्सिल घासली आणि उमटलेल्या पोतात त्याला प्राणी व अरण्ये दिसू लागली. तिथे चित्र आधी उमटते आणि ओळख मागून येते. त्या परंपरेवर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. आपल्या वाचकांसमोर सारखी येतात ती पहिल्या प्रकारची चित्रे, म्हणून मी त्यांच्याविषयीच लिहितो.

चौकटीतल्या जोड्यांना सर्वांत सुंदर उत्तर माग्रितने १९२७ सालीच देऊन ठेवले आहे. ‘स्वप्नांची किल्ली’ या नावाची त्याची काही चित्रे आहेत. स्वप्नात काय दिसले तर त्याचे फळ काय, हे सांगणाऱ्या पुस्तकांना फ्रेंचमध्ये जे नाव रूढ आहे तेच त्याने या चित्रांना दिले. १९२७ च्या चित्रात, जे आता म्युनिकला आहे, खिडकीच्या तावदानांसारखे चार चौकोन आहेत आणि प्रत्येकाची पार्श्वभूमी शाळेच्या पाटीसारखी काळसर आहे. प्रत्येक चौकोनात एक वस्तू स्वच्छ रंगवलेली आणि तिच्याखाली शाळकरी वळणदार अक्षरात तिचे नाव. बॅगेखाली ‘आकाश’ लिहिले आहे. खिशातल्या चाकूखाली ‘पक्षी’. झाडाच्या पानाखाली ‘टेबल’. चौथ्या चौकोनात स्पंज आहे आणि त्याच्याखाली ‘स्पंज’ असेच लिहिले आहे.

या चौथ्या चौकोनापाशी मी मुलांना नेहमी थांबवत असे. पहिल्या तीन चौकोनांत वाचणाऱ्याच्या मनाची एक तयारी होते: इथे नावे चुकीची आहेत, हा खेळ आहे. त्याच बळावर तो चौथ्याकडे येतो आणि तिथे नाव बरोबर निघते. आता काय समजायचे? हे बरोबर नाव तरी बरोबर आहे कशावरून? स्पंजला स्पंज म्हणणे ही सवय आहे की सत्य? आणि एकदा ही शंका आली की नजर मागे वळून पानाकडे जाते आणि पानाच्या देठाशी, शिरांशी टेबलाचे काही नाते सापडते का हे पाहू लागते. चाकूच्या उघड्या पात्यात पंख दिसू लागतो. चार चौकोनांच्या एवढ्याशा मांडणीत माग्रितने पाहणाऱ्याचे मन आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला झुकवले आहे, आणि ते त्याने अतिशय प्रसन्नपणे केले आहे. किल्लीचे नाव घेतलेल्या या चित्रात किल्ली काहीच उघडत नाही. या चित्राशेजारी आपण ‘पक्षी म्हणजे स्वातंत्र्य’ असे छापले तर त्याचे काय होईल, याचा विचार संपादक म्हणून आपण अवश्य करावा.

माग्रितच्या बाबतीत आणखी एक किल्ली फार वापरली जाते, ती त्याच्या चरित्राची. तो लहान असताना, १९१२ साली, त्याच्या आईने नदीत जीव दिला. १९२८ च्या ‘प्रेमिक’ या चित्रात चुंबन घेणाऱ्या दोघांचीही मस्तके पांढऱ्या कापडात गुंडाळलेली आहेत. तेव्हा ते कापड म्हणजे आईच्या चेहऱ्यावर आलेला तिचा झगा, असे लिहिण्याची पद्धत आहे. माग्रितला हे स्पष्टीकरण मान्य नव्हते. एका माणसाच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दुःखाचा वापर त्याच्या चित्राची तळटीप म्हणून करावा हे मला माणुसकीच्या दृष्टीनेही योग्य वाटत नाही, आणि चित्राच्या दृष्टीनेही त्यातून काही मिळत नाही, कारण त्या स्पष्टीकरणात एकच कापड आणि एकच मृत्यू आहे, तर चित्रात कापडे दोन आहेत, माणसे दोन आहेत, आणि इतकी जवळ येऊनही त्या दोघांना एकमेकांची त्वचा लागत नाही.

दालीची चित्रे खेळकर द्व्यर्थाच्या बाबतीत सर्वांत पुढे जातात आणि तिथे श्लेष अगदी डोळ्यांनी मोजता येतो. ‘किनाऱ्यावर चेहरा आणि फळपात्र यांचे दर्शन’ हे १९३८ चे चित्र अमेरिकेत हार्टफर्ड येथील संग्रहालयात आहे. त्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक डोंगर आहे आणि डोंगरात बोगदा आहे. जरा वेळाने तो डोंगर कुत्र्याचे डोके होतो आणि बोगदा त्याचा डोळा. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा म्हणजे पाण्यावरचा रेल्वेचा पूल. कुत्र्याचे धड म्हणजे नासपतींनी भरलेले फळपात्र, आणि तेच फळपात्र खाली येता येता एका मुलीचा चेहरा होते, जिचे डोळे वाळूत पडलेल्या वस्तूंचे बनलेले आहेत. हे नुसते गंमतीचे दृष्टिभ्रम नाहीत. एकाच रंगाच्या डागाला दोन जागी खरे ठरवायचे तर प्रत्येक कडा दोनदा विचार करून रंगवावी लागते; पूल पूल म्हणून कमी पडता कामा नये आणि पट्टा पट्टा म्हणून. यात दोहोंपैकी एक ‘दडलेले’ आणि दुसरे ‘वरवरचे’ असे काही नसते. डोळा कुत्र्यावरून पुलावर जातो आणि पुन्हा परततो, आणि चित्र त्या येण्या-जाण्यात असते.

याच संदर्भात एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. जुलै १९३८ मध्ये दाली लंडनला फ्रॉइडला भेटला आणि आपले ‘नार्सिससचे रूपांतर’ हे आदल्या वर्षीचे चित्र त्याने सोबत नेले होते. नार्सिसस म्हणजे स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळून शेवटी फूल झालेला ग्रीक पुराणकथेतला तरुण. त्या चित्रात पाण्याकाठी वाकून बसलेला तरुण आणि अंडे धरून उभा राहिलेला दगडी हात हे दोघे शेजारी-शेजारी, जवळजवळ एकाच आकृतीत आहेत. तरुणाचे मस्तक ते तिकडे अंडे, आणि अंड्याला तडा जाऊन त्यातून फूल आलेले. फ्रॉइडचे या मंडळींविषयीचे मत तोवर मुळीच चांगले नव्हते. भेटीनंतर लेखक स्टेफान त्स्वाइगला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केले की अतिवास्तववाद्यांना आपण आतापर्यंत पुरते मूर्ख समजत होतो, निदान ९५ टक्के तरी, पण या तरुण स्पॅनिश माणसाच्या निर्विवाद तांत्रिक प्रभुत्वाने आपल्याला फेरविचार करायला लावला. स्वप्नांचा अर्थ लावण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या मनावर छाप पडली ती रंगवण्यातल्या प्रभुत्वाची, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या चौकटीत तंत्राविषयी एक ओळही नसते.

आता ज्या चित्राने मला स्वतःला सर्वांत जास्त दिवस सोबत केली त्याविषयी लिहितो. डोरोथिया टॅनिंग या अमेरिकन चित्रकर्तीचे ‘एक छोटे रात्रसंगीत’ हे १९४३ सालचे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. संगीतकार मोझार्टच्या अतिशय प्रसन्न रचनेचे नाव त्याला दिलेले आहे. चित्रात जुन्या हॉटेलाच्या बोळासारखी जागा आहे, तांबडा गालिचा आहे, एका बाजूला जिना आहे आणि बंद दारे आहेत. जिन्याच्या तोंडाशी एक प्रचंड सूर्यफूल पडले आहे, एखाद्या मुलाएवढे मोठे, आणि त्याच्या काही पाकळ्या तुटल्या आहेत. त्याच्यासमोर एक मुलगी उभी आहे आणि तिचे लांब केस सरळ वर उभे राहिले आहेत. वारा म्हणावा तर बाकी काही हललेले नाही. दुसरी मुलगी दाराच्या चौकटीला टेकली आहे, तिचे कपडे फाटलेले आहेत, डोळे मिटलेले आहेत आणि हातात एक पाकळी आहे. जवळून पाहिले की तिच्या कपाळाशी केसांची कड आणि धडाची घडण बाहुलीसारखी दिसते. बोळाच्या टोकाला चार दारांतले शेवटचे दार किलकिले आहे आणि आतून झगझगीत उजेड येतो आहे.

या चित्रात झटापट झाली आहे की व्हायची आहे हे ठरत नाही. सूर्यफूल हल्ला करणारे आहे की मार खाल्लेले आहे हेही ठरत नाही. दाराला टेकलेली मुलगी दमली आहे, की आनंदात आहे, की मुळात मुलगीच नाही? आणि तो उजेड कसला? मोठे कुणी जागे आहे म्हणून दिलासा देणारा, की तिकडे जाऊ नये असा? या चित्रासमोर मला लहानपणची ती रात्र आठवते जेव्हा सर्व जण झोपलेले असतात, आपण पाणी प्यायला उठतो, आणि ओळखीच्या घरातला ओळखीचा बोळ अकस्मात आपल्याला ओळखेनासा होतो. टॅनिंगने यातले काहीही अस्पष्ट रंगवलेले नाही. गालिचा गालिचा आहे, कठडा कठडा आहे, दारांना क्रमांक आहेत. सगळी माहिती दिलेली आहे आणि तरीही घटना हाती लागत नाही. हा संदिग्धपणा ढिलाईतून आलेला नाही. मोजून मापून उभा केला आहे, आणि तो उभा राहावा म्हणूनच बाकी सर्व गोष्टी इतक्या नेमक्या आहेत.

इथे प्रामाणिकपणे एक आक्षेप नोंदवला पाहिजे. पुढे अनेक वर्षांनी टॅनिंगने स्वतः लिहिले की ते सूर्यफूल म्हणजे तरुणांना ज्या ज्या गोष्टींना सामोरे जावे लागते त्यांचे प्रतीक आहे. मग चौकट लिहिणाऱ्याने ‘सूर्यफूल म्हणजे संकट’ असे लिहिले तर चूक काय? माझे उत्तर असे की चित्रकर्तीचे म्हणणे आदराने छापावे, तिच्या नावाने छापावे, आणि चित्र पाहून झाल्यावर वाचता येईल अशा जागी छापावे. तिच्या त्या वाक्याने बाहुलीचे काय, वर गेलेल्या केसांचे काय आणि मोझार्टच्या नावाचे काय, हे प्रश्न मिटत नाहीत. उगमाची माहिती आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माक्स अर्न्स्टच्या १९२१ च्या ‘सेलेबीस’ या चित्रातला अवाढव्य यांत्रिक हत्ती सुदानमधल्या धान्याच्या कणगीच्या छायाचित्रावरून आला, हे संशोधनाने कळलेले आहे आणि ते कळून मला आनंदच झाला. मात्र ते कळल्यावरही समोर दिसतो तो हत्तीच, आणि आता त्याच्या पोटात धान्यही ऐकू येते.

दुसरा आक्षेप माझ्या काही शिक्षकमित्रांचा आहे. अर्थ सांगायचा नाही म्हटले की ज्याला जे वाटेल ते खरे, मग मुलांना शिकवायचे काय? तसे मुळीच नाही. ‘प्रकाशाचे साम्राज्य’ या मालिकेत खाली रात्र आहे आणि वर दिवस आहे: रस्त्यावरचा दिवा लागलेला, घराच्या खिडक्यांत उजेड, झाडे काळी, आणि त्यांच्या वर पांढऱ्या ढगांचे निळे दुपारचे आकाश. यात वादळ आहे असे कुणी म्हणाले तर ते चूक आहे आणि तसे सांगितले पाहिजे. हे शांत चित्र आहे, इतके शांत की पुष्कळांना पहिल्या नजरेत त्यात काही वावगे आहे हेच जाणवत नाही. दिवस आणि रात्र जिथे भिडतात तिथे माग्रितने झाडांच्या काळ्या आकृत्या घातल्या आहेत, त्यामुळे सांधा दिसत नाही आणि डोळा निमूटपणे एका प्रहरातून दुसऱ्यात जातो. हे सांगता येते, दाखवता येते, परीक्षेत विचारताही येते. त्या घरात कोण जागे आहे, हे मात्र सांगता येत नाही, आणि शिक्षकाने ते सांगू नये.

शीर्षकांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण मराठीत ती बहुधा इंग्रजीवरून येतात. माग्रितच्या १९३८ च्या चित्रात शेकोटीतून आगगाडीचे इंजिन खोलीत येते आहे. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘भोसकलेला काळ’ असा होतो. इंग्रजी नावात हे भोसकणे फिके पडून काळ नुसता जागी खिळतो, आणि ते भाषांतर माग्रितला पसंत नव्हते. हे चित्र जिन्याच्या तळाशी टांगले जावे, म्हणजे वर जाणाऱ्या पाहुण्यांना ते भोसकेल, अशी त्याची इच्छा होती. ज्या संग्राहकाकडे ते गेले त्याने ते शेकोटीवर लावले. माग्रितची पुष्कळ शीर्षके मित्रांच्या बैठकीत सुचलेली आहेत आणि ती चित्राचे वर्णन करत नाहीत, चित्राच्या शेजारी आणखी एक वस्तू ठेवावी तशी ठेवलेली असतात. १९५३ च्या एका चित्रात गोल टोप्या आणि काळे डगले घातलेली असंख्य माणसे घरांच्या समोर हवेत आहेत; ती पडत आहेत, चढत आहेत की तिथेच थांबली आहेत हे कळत नाही. त्या चित्राचे नाव आहे ‘गोलकोंडा’, आपला हिऱ्यांसाठी जगभर गाजलेला गोवळकोंडा, आणि ते सुचवले होते माग्रितच्या कविमित्राने, लुई स्क्युतनेरने. हे नाव मराठी वाचकाच्या कानाला जितके ओळखीचे आहे तितके चित्राच्या युरोपीय पाहणाऱ्याला नसणार. आपला वाचक त्या चित्रासमोर एक निराळी आठवण घेऊन उभा राहतो, आणि चौकटीने ती आठवण त्याच्याकडून काढून घेऊ नये असे मला तळमळीने वाटते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. चित्र छापताना ते कडांपासून कापू नये. टॅनिंगच्या चित्राचा उजवा काठ पानाच्या सोयीसाठी गेला की किलकिले दार जाते आणि मग उरते ते फक्त एक विचित्र फूल. रंगीत पान शक्य नसेल तर माग्रितचे दिवस-रात्रीचे चित्र छापण्याचे टाळावे, कारण काळ्यापांढऱ्यात त्याचे आकाश ढगाळ रात्रीचे वाटते आणि सगळेच निघून जाते. आकार अवश्य द्यावा, म्हणजे वितळलेली घड्याळे वहीच्या पानाएवढ्या जागेत आहेत हे वाचकाला कळेल आणि तो जवळ वाकून पाहील. चित्र सध्या कुठे आहे, कोणत्या माध्यमात आहे, मूळ भाषेतले नाव काय आहे हे द्यावे. चित्रकाराने स्वतः काही म्हटले असल्यास ते दुसऱ्या पानावर द्यावे. ज्या जागेत आज अर्थांच्या जोड्या येतात तिथे चित्रात जे दिसते त्याचे साधे वर्णन द्यावे, आणि ते लिहिणाऱ्याने चित्र खरोखर मोजून पाहिलेले असावे.

पुढच्या वेळी टॅनिंगचे चित्र घेतलेत तर त्याखाली एवढे पुरेल: डोरोथिया टॅनिंग, ‘एक छोटे रात्रसंगीत’, १९४३, कॅनव्हासवर तैलरंग, ४०.७ गुणिले ६१ सेंटिमीटर, टेट, लंडन. बोळात दोन मुली, एक सूर्यफूल, चार दारे; त्यांतले शेवटचे किलकिले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक